खंडोजीचा मंगळवार आणि पेनॉक जिल्हा

बंगळुरात शिंप्याच्या मंगळवारावर विश्वास ठेवणारा माणूस एक तर परगावचा असतो, नाही तर नवरदेव असतो. "मंगळवारी या," म्हणजे अमुक एका मंगळवारी नव्हे. तो वार दर आठवड्याला येत राहतो एवढीच त्यात हमी. पेटेतले शिंपी एकमेकांच्या गिऱ्हाइकांवर डोळा ठेवून असत, एकमेकांच्या काजांना नावं ठेवत, पण या एका बाबतीत त्यांची अभेद्य एकजूट होती. ती मोडली होती फक्त चिकपेटच्या मागच्या गल्लीतल्या खंडोजी पतंगेनं. खंडोजीचा मंगळवार म्हणजे सोमवारनंतरचा आणि बुधवारच्या आधीचा. त्या दिवशी चारच्या ठोक्याला कोट इस्त्री होऊन खुंटीला लागलेला असे, आणि पुष्कळदा गिऱ्हाईकच विसरलेलं असे.

याला घराण्याचं कारण होतं. पतंगे मंडळी शहाजीराजांच्या फौजेबरोबर बंगळुरात आली, असं घरात सांगत. फौज पुढे गेली, पतंगे मागे राहिले. कारण कुणा सरदाराच्या अंगरख्याची एक बाही व्हायची होती. सरदार एकबाहीच लढाईवर गेला. घराण्यात मोडलेला तो एकच वायदा, आणि तीनशे वर्षांनी त्याची भरपाई खंडोजी एकटा करत होता. तेव्हा त्याला कुणी कंजूष म्हणावं, वेंधळा म्हणावं, तो हसून सोडून देई. खोटारडा म्हटलं की मात्र तो हातातली कात्री खाली ठेवून उठून उभा राही.

आणि अशा माणसाला साऱ्या गल्लीनं थापाड्या ठरवलं. एका अमेरिकन जिल्ह्यापायी.

झालं ते असं. बावन्न साल होतं. त्या वर्षी बाजारात काहीच धड मिळत नव्हतं. कॉलर ताठ ठेवणारं बकरम नाही, फर्मे कापायला जाड कागद नाही. फर्मा म्हणजे कोटाच्या एकेका भागाचा कागदी नमुना. तो कापडावर ठेवायचा, खडूनं रेघ मारायची आणि कात्री चालवायची. खंडोजीचे जुने फर्मे मऊ पडून पापडासारखे मोडायला आले होते. तेवढ्यात कळलं, की व्हाइटफील्डला एक म्हातारा अमेरिकन पाद्री बंगला आवरून मायदेशी चाललाय आणि सामान विकतोय. खंडोजीची बायको सकवारबाई म्हणाली, "जा, आणि दुधासाठी जाळीचं कपाट मिळतं का बघा."

खंडोजी के. आर. पुरमपर्यंत आगगाडीनं आणि पुढे जटक्यातून गेला, आणि संध्याकाळी खांद्यावर पाच फुटी लाकडी दांडा घेऊन परत आला. दांड्याला गुंडाळलेला एक प्रचंड कागद. मागून कापड चिकटवलेलं, वरून रोगण लावलेलं. फाडू म्हटलं तरी फाटेना.

"कपाट कुठाय?" सकवारबाई म्हणाली.

"हे बघ."

"हे काय?"

"एक पाठ, दोन पुढे, दोन बाह्या," खंडोजी आनंदानं म्हणाला. त्याला कागदावर दुसरं काही दिसतच नव्हतं.

"आणि दूध काय बाहीत ठेवू मांजरापासून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी खंडोजीनं त्या कागदावर बंद गळ्याच्या कोटाचे फर्मे आखले आणि कापून भिंतीच्या खिळ्याला टांगले. कागदावर काय छापलंय याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. त्याला इंग्रजीत फक्त आकडे येत, आणि तेही साठ इंचांपर्यंतच, टेप तिथंच संपत होती म्हणून.

पण टांगलेल्या वस्तूकडे माणूस कधी ना कधी बघतोच. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, आणि खंडोजीची नजर डाव्या पुढ्याच्या, म्हणजे कोटाच्या पुढच्या भागाच्या, फर्म्यावर गेली. खिशाच्या जागी एक बैल उभा होता. चित्रातला, पण काय बैल! खंडोजीनं उठून त्याच्या छातीला टेप लावली, आजूबाजूच्या घराच्या उंचीवरून त्रैराशिक मांडलं, आणि या बैलाला बंद गळ्याचा कोट शिवायचा तर दुहेरी पन्ह्याचं साडेअकरा वार कापड लागेल असं काढलं. मग त्याला राहवेना. हा कोण? कुणाचा? याच्याखाली लिहिलंय काय?

सकवारबाईचे वडील कँटोनमेंटात पलटणीचे शिंपी होते. तिची इंग्रजी चार बुकं झाली होती. तिनं वाचलं, "जनरल. प्रदर्शनात पहिलं बक्षीस. पेनॉक काउंटी, आयोवा."

"काउंटी म्हणजे?"

"जिल्हा असेल. आपला कोलार असतो तसा."

"म्हणजे मी जिल्हा कापला?"

"कपाट आणलं असतंत तर ही पाळी आली नसती," सकवारबाई म्हणाली. पण त्या दिवसापासून रोज दुपारी ती त्याला एकेक अक्षर शिकवू लागली. सहा महिन्यांत खंडोजीला इंग्रजी आलं. म्हणजे फर्म्यांवर होतं तेवढं आलं. 'आभारी आहे' त्याला म्हणता येत नसे, पण 'डुकरांची पैदास', 'गव्हाचं कोठार' आणि 'नॉर्वेजियन लूथरन देऊळ' हे शब्द तो झोपेतही बिनचूक म्हणे.

त्या कागदावर काय नव्हतं! पेनॉक जिल्हा म्हणजे चोवीस मैल रुंद आणि चोवीस मैल लांब चौकोन. त्यात सोळा चौकोनी तालुके. एकेका तालुक्यात छत्तीस चौकोन, आणि चौकोनाचौकोनात शेतकऱ्याचं नाव नि एकर. डोंगर नाही, समुद्र नाही, राजवाडा नाही, किल्लाही नाही; फोर्ट म्हणजे किल्ला, पण फोर्ट एबल नावाच्या गावात एक कुंपण होतं तेवढंच. मका, गहू, डुकरं, आणि मधून लिटल डव्ह नदी. खंडोजी तिला धाकटी पारवी म्हणे. आणि नकाशाच्या कडेकडेनं, म्हणजे कोटाच्या घेराला, बारीक अक्षरात जिल्ह्याचा इतिहास.

या इतिहासात खंडोजीचा सगळ्यात लाडका भाग जिल्ह्याच्या कचेरीचा. कचेरी आधी रोझहिलला होती. मार्टिनव्हिलवाल्यांना ती हवी होती. तेव्हा अठराशे एकोणसत्तर साली एका रविवारी, सारं रोझहिल देवळात प्रार्थनेला बसलेलं असताना, मार्टिनव्हिलवाले अकरा बैलगाड्या घेऊन आले. त्यांनी तिजोरी उचलली, दप्तर उचललं, टेबलं उचलली, आणि एक खुर्चीही उचलली, जिच्यात कचेरीचा कारकून गाढ झोपलेला होता. तो जागा झाला तो मार्टिनव्हिलात. त्यानं डोळे उघडले आणि—

आणि तिथं घेराची कात्री लागली होती. पुढचं वाक्य खंडोजीनं स्वतःच्या हातानं कापून केरात घालवलं होतं. त्या कारकुनाचं काय झालं, या विचारानं त्याला कितीदा घास गोड लागला नाही.

आता अशी विद्या माणसाच्या पोटात राहते थोडीच? शिंप्याला तर श्रोता आयता मिळतो. माप देणारा दोन्ही हात वर करून उभा असतो, गळ्यात टेप असते. त्याला पळता येत नाही. छाती मोजता मोजता पेनॉकात रेल्वे यायची, कंबर मोजता मोजता टोळधाड. बायकोच्या माहेरची गावं विसरलेले लोक पेनॉकचे सोळा तालुके शिकून घरी गेले. शेवटी खंडोजीनं दुकानावर पाटीच रंगवून लावली: 'पेनॉक टेलर्स, चिकपेट.'

त्या पाटीखाली एक दिवस जयतीर्थ मास्तर उभे राहिले.

जयतीर्थ मास्तर मूळचे धारवाडकडचे. मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत सारख्याच कडकपणे रागावत. विषय भूगोल. अंगात खंडोजीनंच शिवलेला बंद गळ्याचा कोट, डोक्याला पागोटं, आणि मान अशी ताठ, की मुलं म्हणत, मास्तरांना आपल्या पायांतले जोडे कोणत्या रंगाचे आहेत ते बायकोला विचारावं लागतं. हा कोट अंगात आला तशी मास्तरांची मान चढली आणि दोन वर्षांत ते हेडमास्तर झाले. "नुसती मान बघा," असं शाळेच्या कमिटीत कुणीसं म्हणालं होतं म्हणे.

"खंडोजी," मास्तर पाटीकडे डोळे वळवून म्हणाले, मान वळत नव्हती म्हणून, "मी पंचवीस वर्षं भूगोल शिकवतोय. शाळेतल्या तीनही नकाशापुस्तकांत शोधलं. पेनॉक नावाचं काही पृथ्वीवर नाही."

"मास्तर, तुमच्या पुस्तकात चिकपेट आहे?"

"नाही."

"आणि आपण उभे कुठं आहोत?"

समोरच्या कॉफी हॉटेलचा शिवाप्पा गल्ल्यावर बसून फिस्सकन हसला, आणि तिथंच वैर पेटलं. मास्तरांनी शाळेत सांगितलं, मास्तरीणबाईंनी नळावर सांगितलं. आठवड्याभरात गल्लीत ज्याला त्याला ठाऊक झालं, की खंडोजी अमेरिकेतला एक जिल्हाच्या जिल्हा स्वतःच्या मनातून काढून सांगतो. इतपत खंडोजीनं सोसलंही असतं. पण एक दिवस ठरलेलं गिऱ्हाईक कापड देताना म्हणालं, "मंगळवार म्हणतोस, सरी, ठीक आहे. पण कुठला रे? इथला की पेनॉकचा?"

खंडोजी त्या दिवशी जेवला नाही.

"अण्णा, एवढं मनाला लावून घ्यायचं नाही," शिवाप्पा कॉफी पुढं सरकवत म्हणाला.

"शिवाप्पा, माझ्याकडं आहे काय दुसरं? सुई सगळ्यांकडं असते. माझ्याकडं एक मंगळवार होता."

मग त्यानं सरळ मास्तरांच्या घरी जाऊन पैज लावली. पेनॉक जिल्ह्यातला माणूस मी हजर करीन. त्याच्यासमोर तुम्ही मला विचारा. माझं खोटं निघालं तर पाटी उतरवीन आणि पुन्हा ते नाव तोंडातून काढणार नाही. खरं निघालं तर तुम्ही शाळेत पेनॉक जिल्ह्यावर एक अख्खा तास घ्यायचा. मास्तर मान हलवू शकत नव्हते, म्हणून त्यांनी "मान्य" असं तोंडानं म्हटलं.

त्यानंतर दर रविवारी खंडोजी धुतलेलं धोतर नेसून कब्बन पार्कात बँडस्टँडजवळ उभा राही आणि दिसेल त्या गोऱ्या माणसापुढं जाऊन अदबीनं म्हणे, "सर, पेनॉक?" एका फ्रेंच पाद्र्यानं त्याला आशीर्वाद दिला. एका जर्मन इंजिनिअरला वाटलं हे कुठल्या तरी औषधाचं नाव आहे. त्यानं खिशातून खोकल्याची गोळी काढून दिली. एक इंग्रज म्हातारी रडायलाच लागली, तिच्या कुत्र्याचं नाव तेच होतं. असे रविवार किती गेले याची मोजदाद सकवारबाईनं सोडून दिली. गल्लीतल्यांनी सोडली नाही.

आणि चौसष्ट सालच्या श्रावणात, एका रविवारी सकाळी, बाकावर बसून शेंगा खाणाऱ्या एका साडेसहा फुटी पोरसवदा माणसानं मान वर केली. हेब्बाळच्या बाजूला खेड्यापाड्यांत कोंबड्या पाळायला शिकवणारा हा अमेरिकन. नाव रॉयस हेगन. खंडोजी सवयीनं म्हणाला, "सर, पेनॉक?"

हेगनच्या हातातल्या शेंगा खाली पडल्या. तो म्हणाला, "हो. पण तुम्हाला कुणी सांगितलं?"

खंडोजीला पुढचं वाक्य येत नव्हतं. इतक्या वर्षांत त्याची गरजच पडली नव्हती. त्यानं नुसती टेप काढली आणि आनंदाच्या भरात हेगनची बाही मोजायला सुरुवात केली.

परीक्षेचा दिवस ठरला मंगळवार. सकाळी दहाला पेनॉक टेलर्ससमोर सारी गल्ली जमली. शिवाप्पानं हॉटेलातली बाकडी बाहेर काढली, आणि हेगनला बसायला दोन खुर्च्या दिल्या, एक बसायला आणि एक पाय ठेवायला. इंग्रजीची मराठी करायला सकवारबाई नवं लुगडं नेसून बसली. जयतीर्थ मास्तर प्रश्नांचा कागद डोळ्यांसमोर धरून उभे राहिले. खाली धरला असता तर त्यांना वाचता आला नसता.

"प्रश्न पहिला. जिल्ह्याचं मुख्य ठाणं?"

"मार्टिनव्हिल," खंडोजी म्हणाला. "पण आधी रोझहिल." आणि त्यानं अकरा बैलगाड्या, तिजोरी आणि झोपलेल्या कारकुनासकट सगळी चोरी सांगितली. सकवारबाईनं ती इंग्रजीत करता करता हेगन गुडघ्यावर थापा मारायला लागला. "खरं, अक्षरन् अक्षर खरं!" तो ओरडला. "आजही रोझहिलवाले मार्टिनव्हिलला मुलगी देताना आधी विचारतात, तिजोरी कधी परत करताय?"

गल्लीनं टाळ्या वाजवल्या.

"प्रश्न दुसरा. प्रसिद्ध प्राणी?"

"जनरल. वजन दोन हजार चारशे पौंड. कोटाला कापड साडेअकरा वार."

"त्याची कवटी आमच्या शाळेत टांगलीय!" हेगन म्हणाला. शिवाप्पानं सगळ्यांना फुकट कॉफी जाहीर केली आणि लगेच "अर्धा अर्धा पेला" अशी दुरुस्तीही केली. खंडोजीच्या चेहऱ्यावर असं तेज चढलं होतं, की सकवारबाईला तो लग्नातला आठवला.

मास्तरांनी घाम पुसला. "प्रश्न तिसरा. फोर्ट एबल या गावाहून इल्सा या गावी कसं जायचं?"

खंडोजी हसला. हा तर पोरखेळ. "अहो, शेजारी शेजारी. फोर्ट एबलच्या वेशीबाहेर पाऊल टाकलं की इल्सा. विडा चघळून व्हायच्या आत माणूस पोचतो."

सकवारबाईनं सांगितलं. हेगनचं हसू अर्ध्यावर थांबलं. त्यानं खंडोजीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि ओशाळल्यासारखा म्हणाला, "नाही हो. फोर्ट एबल पार वायव्येच्या कोपऱ्यात. इल्सा आग्नेयेला. मध्ये सगळा जिल्हा. अठ्ठावीस मैल."

शिवाप्पानं कॉफी वाटायची थांबवली.

"बरं, बरं," हेगन घाईनं म्हणाला, त्याला खंडोजीचं वाईट वाटत होतं. "माझं गाव सांगा. ऑरिन. ऑरिन कुठं आहे?"

खंडोजीनं डोळे मिटले. सोळाही तालुके डोळ्यांपुढून गेले, एकेक चौकोन, एकेक नाव. ऑरिन नव्हतं. त्यानं डोळे उघडले. "असं गाव पेनॉकात नाही," तो हळू आवाजात म्हणाला. खरं बोलायची सवय, करणार काय?

मास्तरांनी कागदाची घडी केली. "ऐकलंत ना सगळ्यांनी? साक्षीदाराचं गावच नाही म्हणतो! तिजोरीची गोष्ट काय, कुठंही वाचली असेल. उतरव पाटी, खंडोजी."

कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. खंडोजी दुकानातलं स्टूल घेऊन आला, वर चढला, आणि पाटीच्या खिळ्याला त्यानं हात घातला.

"अहो," सकवारबाई खालून म्हणाली, "डाव्या मुंढ्याला उजवी बाही लागली, तर कोट टाकून देता?"

"नाही."

"मग काय करता?"

"उसवतो."

"मग उतरा खाली नि उसवा की! पाटी कुठं पळून जातेय?"

खंडोजी स्टुलावर तसाच उभा राहिला. मग एकदम त्याच्या तोंडून असा आवाज निघाला, की शिवाप्पाला वाटलं ह्याला खिळा लागला. तो उडी मारून खाली आला, आत गेला, भिंतीवरचे पाचही फर्मे काढून आणले, आणि भर गल्लीत दगडी फरशीवर मांडायला बसला.

गंमत अशी, की खंडोजीनं पेनॉक जिल्हा आजवर कोट म्हणूनच पाहिला होता. त्याच्या लेखी मार्टिनव्हिल पाठीच्या मणक्यावर होतं, धाकटी पारवी डाव्या खिशाला वळसा घालून जात होती, आणि फोर्ट एबल होतं बाहीच्या वरच्या टोकाला. बाही जोडायची कुठं? मुंढ्याला. मुंढ्यापाशी, पुढ्याच्या फर्म्यावर, इल्सा. मग शेजारी नाही तर काय? शिंप्याच्या जगात शिवणीच्या अलीकडचं नि पलीकडचं गाव म्हणजे एकाच अंगणातली दोन घरं. पण ही बाही कापली होती कागदाच्या एका कोपऱ्यातून आणि पुढा दुसऱ्या. अठ्ठावीस मैल त्यानं एका धावदोऱ्यात शिवून टाकले होते.

"चौकडीचं कापड!" तो कपाळावर हात मारून ओरडत होता. "सगळा जिल्हा चौकडीचा, आणि मी चौकडी जुळवली नाही! चारखान्याचा कोट शिवताना नवशिका शिंपीसुद्धा रेघेला रेघ जुळवतो! मास्तर, खोटं बोललो नाही मी. गबाळं शिवलं!"

तो गुडघ्यांवर रांगत रेघेला रेघ लावू लागला. बाही उचलून वायव्येला ठेवली. पुढा आग्नेयेला सरकवला. तालुक्याला तालुका मिळाला, रेल्वेला रेल्वे मिळाली, नदीच्या शेपटाला नदीचं तोंड मिळालं. एक जटका आला, थांबला. जटकेवाला खाली उतरून बघत बसला. घोडासुद्धा वाकून बघू लागला. हेगन साडेसहा फूट लांब पोटावर आडवा झाला आणि "रोझहिल! हे बघा आमचं देऊळ!" अशी प्रत्येक गावाची ओळख करून देत सुटला.

फर्मे मांडून झाले. चौकोन जमला. फक्त पाठ आणि पुढा यांच्यामध्ये, मुंढ्याच्या वळणाला, दुधी भोपळ्याच्या फोडीसारखी एक फट उरली. फटीतून चिकपेटची फरशी दिसत होती.

हेगननं बरोबर तिथं बोट ठेवलं. "ऑरिन."

"हे तर भोक आहे," शिवाप्पा म्हणाला.

"म्हणजे साक्षीदार भोकात राहतो!" मास्तर म्हणाले. "आणि त्या भोकात गाव होतं याला पुरावा काय?"

खंडोजी सकवारबाईकडे बघू लागला. मुंढ्याची कात्रणं! बारा वर्षांपूर्वीची कात्रणं कुठं गेली असतील? कुणी चूल पेटवली असेल, कुणी पाटाखाली घातली असतील. सकवारबाई मात्र आत गेली आणि बावन्न सालची मापांची वही घेऊन आली. बोट फिरवत ती वाचू लागली. "नवे फर्मे. पहिला कोट. छाती चौतीस, बाही साडेबावीस, गळा साडेचौदा. बकरम मिळत नाही. कॉलरीत घरचा जाड तुकडा घातला."

"कुणाचा कोट, अक्का?" शिवाप्पानं विचारलं.

सकवारबाईनं वही मिटली आणि वर बघितलं. मग खंडोजीनं बघितलं. मग सगळ्या गल्लीनं, जटकेवाल्यानं आणि हेगननं बघितलं. जयतीर्थ मास्तरांचा हात आपोआप गळ्याशी गेला.

"माझ्या कॉलरीला हात लावायचा नाही!" ते मागं सरकत ओरडले. "मी हेडमास्तर आहे!"

"मास्तर, हा कोट कधी धुतलात?"

"गरम कापड कुणी धुतं का? वर्षातून दोनदा उन्हात घालतो!"

"मग आहे! ओला झालेला नाही, म्हणजे शाबूत आहे!" खंडोजी नाचायचाच बाकी होता.

"स्वामी," शिवाप्पा हात जोडून म्हणाला, "जन्मभर भूगोल शिकवलात. आता भूगोलासाठी स्वल्प मान द्या."

मास्तरांना स्टुलावर बसवलं. खंडोजीनं कात्रीचं टोक कॉलरीच्या कडेत घातलं. टाके स्वतःचेच होते, चांगले बारीक, उसवता उसवेनात. मास्तर डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. सात टाके, आठ, नऊ. आणि घामानं पिवळट झालेली एक वळणदार पट्टी सर्रकन बाहेर आली. खंडोजीनं ती रुमालानं पुसली आणि सकवारबाईच्या हातात दिली. तिनं मोठ्यानं वाचलं:

"ऑरिन. चौकोन चौदा. एन. हेगन, एकशेसाठ एकर."

मग जो गलका उठला, तो ऐकून बळेपेटचे लोक कुणाची वरात आली म्हणून बघायला धावत आले. खंडोजीनं पट्टी फटीत ठेवली. केसभरही फरक नाही. धाकटी पारवी बारा वर्षांनी सलग वाहू लागली. हेगन एवढा वेळ सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता, तो आता उठून बसला आणि खाली वाकला. पट्टीवर मोहरीएवढा काळा ठिपका होता. त्याच्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "हे घर. आजी अजून इथंच राहते."

सकवारबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तेवढा हात पोचावा म्हणून तो बसलेला होता तेच बरं.

इकडे मास्तरांची अवस्था चमत्कारिक झाली होती. कॉलर मऊ पडल्याबरोबर त्यांची मान गळ्यातच बसली. ती डावीकडे वळू लागली, उजवीकडे वळू लागली. त्यांना स्वतःचे जोडे दिसले. ते घाबरून उभे राहिले. "खंडोजी, हरलो मी. तास घेतो. उद्याच घेतो, फळ्यावर नकाशा काढून घेतो. पण ते आधी परत शिव."

"नवं बकरम घालतो, मास्तर. आता चांगलं मिळतं."

"बकरम नको! तेच घाल."

"पण ती पट्टी मला आजीकडे पाठवायची आहे," हेगन म्हणाला.

"तुझं गाव तुझ्याकडे आहेच की रे बाबा!" मास्तर कळवळून म्हणाले. "माझी मान कुठाय?"

तोडगा सकवारबाईनं काढला. पातळ कागद ठेवून, दातेरी चाक फिरवून तिनं पट्टीची हुबेहूब नक्कल उतरवली, तीत एकरसुद्धा भरले, आणि हेगनच्या हातात दिली. मूळ ऑरिन मास्तरांच्या गळ्यात परत जायचं ठरलं.

"कधी देतोस?" मास्तर सवयीनं म्हणाले, आणि जीभ चावली.

खंडोजीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "आज मंगळवारच आहे. चार वाजता."

मग तो मशीनवर बसला, हेगनला शेजारी बसवलं, आणि सुईत दोरा ओवता ओवता त्यानं बारा वर्षं घशात अडकलेला प्रश्न विचारला: तो झोपलेला कारकून मार्टिनव्हिलात जागा झाला. पुढं?

हेगन म्हणाला, "त्यानं डोळे उघडले, आजूबाजूला बघितलं, खुर्ची तीच होती, टेबल तेच होतं. त्यानं विचारलं, जेवणाची सुट्टी कधी? आणि पुढची एकतीस वर्षं तिथंच कारकुनी केली."

खंडोजी इतका हसला, की टाका वाकडा गेला. तो उसवून त्यानं पुन्हा घातला.

चारच्या ठोक्याला कोट इस्त्री होऊन खुंटीला लागला. एरवी अशा वेळी गिऱ्हाईक विसरलेलं असे. आज ते साडेतीनपासूनच पायरीवर बसलं होतं, दोन्ही हातांनी हनुवटी सावरून.